हौशी गोल्फरने प्रो खेळाडूंकडून नेमकं काय उचलावं?

टिळकवाडीकर
रात्री जागून अमेरिकेतल्या स्पर्धा बघायच्या आणि रविवारी सकाळी कॅम्पात येऊन तसाच ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब (काठी), हाणायचा, असं आपल्या बेळगावात बहुतेकांचं चाललंय. माझं ठाम मत आहे की आपण गुरूच चुकीचे धरलेत. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या पुरुषांच्या ड्रायव्हरचा वेग सरासरी ताशी ११३ मैलांच्या वर असतो. हौशी पुरुषाचा नव्वदीत. महिलांच्या एलपीजीए टूरची सरासरी साधारण ९४ मैल. मग आपण बघायचं कुणाकडे?

आपल्याच कर्नाटकातली, बेंगळुरूची अदिती अशोक घ्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, ती चौथी आली. कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. तिच्यापेक्षा कितीतरी लांब मारणाऱ्या मुली मागे राहिल्या. ती पटिंगवर (चेंडू होलमध्ये ढकलायच्या हलक्या फटक्यांवर) आणि ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, आसपासच्या खेळावर टिकली.

दुसरं उदाहरण झॅक जॉन्सनचं. २००७ची मास्टर्स, अमेरिकेतली मोठी स्पर्धा. चारही दिवस एकाही पार फाइव्हवर, म्हणजे पाच फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेल्या होलवर, त्याने दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठायचा प्रयत्न केला नाही. मुद्दाम चेंडू ग्रीनच्या मागे थांबवायचा, तिथून वेज, म्हणजे जवळच्या उंच फटक्याचा क्लब. पार फाइव्हवर चार दिवसांत मिळून पारपेक्षा ११ फटके कमी खेळला आणि विजेत्याचा हिरवा कोट घेऊन गेला. शिकायचं ते हे. आपली ताकद ओळखून खेळ आखणं आपल्याला जमण्यासारखं आहे, त्यांचा स्विंग जमणारा नाही.

निपाणीचा डॉक्टर
स्विंगची नक्कल नको, हे शंभर टक्के मान्य. आमच्या दवाखान्यात कंबर धरून येणारे गोल्फर मी बघतो. पंचवीस वर्षांच्या, रोज व्यायाम करणाऱ्या पोराचं वळण पन्नाशीतल्या पाठीला झेपत नाही. टायगर वुड्ससारख्यालाही २०१७ मध्ये शस्त्रक्रिया करून पाठीचे मणके जोडून घ्यावे लागले.

पण बाकीचं पटलं नाही, टिळकवाडीकर. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी टूरवरच्या लाखो फटक्यांची नोंद तपासली. चांगल्या आणि साधारण खेळाडूत जो फरक पडतो, त्यातला सुमारे दोन तृतीयांश शंभर यार्डांच्या बाहेरच्या फटक्यांमुळे पडतो. पटिंगमुळे नाही. प्रो आणि हौशी यांच्यातलं अंतरही मुख्यतः तिथलंच. आणि मुद्दाम मागे थांबण्याबद्दल बोलायचं तर चेंडू होलच्या जितका जवळ, तितके पुढचे फटके कमी लागतात, हे सगळ्या दर्जाच्या खेळाडूंना लागू आहे. जॉन्सनचा वेज बंदुकीच्या गोळीसारखा अचूक होता म्हणून त्याला ते परवडलं. आपण ऐंशी यार्डांवरून जमीन खणतो. मग मुद्दाम ऐंशीवर थांबून मिळवायचं काय?

टिळकवाडीकर
डॉक्टरसाहेब, वाटेत पाणी किंवा झाडी असेल तर? १९९९च्या ब्रिटिश ओपनमध्ये कार्नूस्टीला ज्याँ व्हान द व्हेल्डे शेवटच्या होलवर तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटके लागले असते तरी जिंकला असता. त्याने टीवर (पहिल्या फटक्याच्या जागी) ड्रायव्हर काढला, मग दोन नंबरचं आयर्न, तोही लांब मारायचाच क्लब. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटून गवतात, तिथून ओढ्यात. सात झाले, बरोबरी झाली आणि जादा होलांच्या प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. पुढे जाण्याचा हट्ट प्रोलासुद्धा भोवतो.

खानापूरकर
काय सांगालाय तुम्ही दोघं! मी पोरवयात कॅडी होतो, बॅगा उचलल्यात, म्हणून बोलतो. प्रो लोकांचं बघायचं असेल तर ते कॅडीशी किती बोलतात ते बघा. स्पर्धेआधी कोर्स पायाखाली घालतात, प्रत्येक अंतर वहीत लिहितात. आमच्याकडचे साहेब अंतर विचारतात, खरं सांगितलेलं ऐकत नाहीत. सांगितला सहा नंबरचा क्लब, काढणार आठ; नंबर वाढला की चेंडू कमी जातो. चेंडू ग्रीनच्या अलीकडं. दर वेळी अलीकडंच. पलीकडं गेलेला क्वचित बघितलाय.

आणखी एक. मे महिन्यात आपली लाल जमीन वाजते नुसती, चेंडू पडून लांब पळतो. जुलैत पडला तिथंच रुतून बसतो. क्लब तोच कसा चालंल? गोव्यात खेळायला जाणाऱ्यांनी तर हे ध्यानात घ्यावंच. आपण समुद्रापास्नं साडेसातशे मीटर वर हाय, खाली तोच क्लब थोडा कमी पडतो. प्रो हा हिशेब प्रत्येक गावात नव्यानं करतात.

अनगोळची मैत्रेयी
मी सगळ्यांच्याच विरोधात लिहिणार आहे. टीव्हीवर बघून शिकणं हेच मुळात फसवं आहे. बऱ्याच स्पर्धांत सव्वाशे-दीडशे खेळाडू उतरतात, त्यातले निम्म्याच्या आसपास शुक्रवारीच कट चुकवून, म्हणजे पुढच्या फेऱ्यांसाठी पात्र न ठरता, घरी जातात. आपल्याला दिसतात ते त्या आठवड्यात ज्यांचं सगळं जमलंय ते दहा-बारा. म्हणून वाटतं की प्रो प्रत्येक पट घालतात. प्रत्यक्षात आठ फुटांवरून पीजीए टूरवर साधारण निम्मेच पट पडतात. वीस फुटांवरून सातातला एखादा. हे माहीत नसल्यामुळे आपल्याकडची माणसं आठ फुटांचा पट हुकला की क्लब आपटतात आणि पुढचे तीन होल घालवतात.

वर नक्कल कशाची करतात, तर रेंगाळण्याची! चार सराव स्विंग, ग्रीनभोवती प्रदक्षिणा, उकिडवं बसणं. २०१९च्या नियमांत चाळीस सेकंदांत फटका मारावा अशी शिफारस आहे. मागचा गट उन्हात ताटकळतो, आणि त्यात बहुतेक वेळा आम्ही बायका असतो. त्यापेक्षा आपल्याच कोर्सवरच्या, आपल्याहून चार-पाच हँडिकॅपने (खेळाची पातळी दाखवणाऱ्या आकड्याने) बऱ्या खेळाडूबरोबर खेळा. तो त्याच मातीत, त्याच वाऱ्यात खेळतो.

टिळकवाडीकर
मैत्रेयीताई, आठ फुटांचा आकडा तुम्ही दिलात तो माझ्याच बाजूचा आहे. टूरवरचे पुरुष ठरलेल्या फटक्यांत (पारपेक्षा दोन कमी) तीनातली दोनच ग्रीन गाठतात. उरलेल्या एका वेळी चिप (ग्रीनजवळचा छोटा उचलता फटका) आणि पटवर पार वाचवायला बघतात. हुकणं गृहीत धरून त्याची तयारी करणं हे त्यांच्याकडूनच शिकायला मिळतं. रेंगाळण्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं मान्य, हे आपल्या कोर्सच्या मंडळापुढे मांडायला हवं.

निपाणीचा डॉक्टर
पाणी आडवं असेल तर मीही मागे थांबेन, टिळकवाडीकर. पण समोर मोकळा फेअरवे असताना केवळ जॉन्सन थांबला म्हणून थांबणार नाही. आणि सरावाला तासभरच मिळत असेल तर तो मी पटिंगला न देता मधल्या आयर्नला देईन. खानापूरकरांनी सांगितलेलं "दर वेळी अलीकडंच" हे दुखणं तिथूनच सुरू होतं.

खानापूरकर
डॉक्टर, तासभर सराव करा, खरं त्याआधी एक नंबर लांबचा क्लब, आठाच्या जागी सात, काढून बघा. त्याला तास लागत नाही.