गावच्या कार्यात कागदी कप की धुवायचे पेले? पाण्याचा खरा हिशेब हवा आहे

बोरीकाठची (पारोळा तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटाकडे यंदा थोडी शिल्लक पडली आहे. त्यातून गावासाठी चहाचे पेले घेऊन ठेवावेत, ज्याच्या घरी कार्य असेल त्याने न्यावेत आणि धुवून परत आणावेत, असा माझा विचार आहे. सध्या साखरपुडा असो, दारावर बसायला आलेली माणसं असोत की ग्रामसभा, चहा कागदी कपातच होतो. कार्य उरकलं की कप मांडवामागे ओतायचे आणि काडी लावायची. त्या धुराचा वास ज्याने घेतला आहे त्याला तो नुसत्या कागदाचा नाही हे सांगावं लागत नाही.

मला जास्त खुपतं ते शेतातलं. वेचणीच्या दिवसांत फाट्यावरून थैलीत बांधलेला चहा येतो, सोबत कपांची नळी. बाया बांधावर बसून चहा पितात आणि कप तिथेच राहतात. एखादा पाऊस झाला की कागद गळून जातो, पण आतला पातळ पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा मागे राहतो. तो पऱ्हाटीला अडकतो, वाऱ्याने बोंडात जातो आणि मग वेचलेल्या कापसात निघतो. जिनिंगला कापसात पन्नी सापडली की भाव पडतो, आणि ती निवडत बसणाऱ्याही बायाच असतात. म्हणजे चहा दोन मिनिटांचा आणि त्रास पुढच्या हंगामापर्यंत.

गटाच्या बैठकीत मी हे मांडलं तर एका आजीने सरळ विचारलं, "पेवाले पानी नही, अन् पेला धोवाले कोठून आनू?" प्रश्न रास्त आहे. नदीचं नाव बोरी असलं तरी चैत्रानंतर तिच्यात वाळूच दिसते, नळाला पाणी येतं तेही दिवसाआड नव्हे, त्याहून उशिरा. तामसवाडीच्या धरणाची पातळी खाली गेली की सगळ्यांचे हंडे बाहेर निघतात. अशा गावात पेले धुणं हा पाण्याचा नास आहे का? की कप बनवायलाही तेवढंच जातं आणि ते आपल्याला दिसत नाही एवढंच? कुणी नीट अभ्यास केला असेल तर सांगा. आकडा नसला तरी अनुभव चालेल.

आणखी एक गोष्ट आधीच बोलून ठेवते. पेले घ्यायचं ठरलं की ते घासायला बायाच बसणार, असं सगळे गृहीत धरून आहेत. मला ते मान्य नाही.

पाचोरेकर सर

ताई, या विषयावर जुना आणि आजही संदर्भाला घेतला जाणारा अभ्यास कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या मार्टिन हॉकिंग यांचा आहे, १९९४ चा. त्यांनी कॉफीचे कप घेतले आणि ऊर्जेचा हिशेब मांडला: कप बनवायला किती लागते आणि धुवायला किती. कागदी कपाच्या तुलनेत काचेचा ग्लास १५ वेळा वापरला की बरोबरी होते, पुन्हा वापरायच्या प्लास्टिकच्या कपाची १७ वेळा, चिनी मातीच्या मगाची ३९ वेळा. थर्माकोलच्या कपाशी तुलना केली तर मात्र चिनी मातीच्या मगाला १००० च्या वर वापर लागतात. याचं कारण नीट समजून घ्या. तिकडे मग मशीनमध्ये गरम पाण्याने धुतात आणि त्या धुण्यालाच एवढी ऊर्जा लागते की हलक्या थर्माकोलशी तो मग जेमतेम टिकतो. आपल्याकडे पेला गार पाण्याने, हाताने, राखेने किंवा साबणाने धुतला जातो. त्यामुळे धुण्याची ऊर्जा जवळजवळ शून्य, आणि त्यांचा आकडा आपल्याकडे आणखी खाली येतो. आपल्याला खरा हिशेब पाण्याचाच करावा लागेल, तो त्या अभ्यासात मिळणार नाही. तुमचा प्रश्न म्हणूनच मला मोलाचा वाटला.

तुम्ही सांगता तो पापुद्रा म्हणजे पॉलिथिन. कागदात चहा थांबावा म्हणून आतून तो थर चिकटवलेला असतो. कागदापासून तो सोडवायला वेगळी यंत्रं लागतात, म्हणून हे कप रद्दीत कुणी घेत नाही. ब्रिटनच्या संसदेच्या पर्यावरण समितीने जानेवारी २०१८ मध्ये मांडलेल्या अहवालात तिथे वर्षाला २५० कोटी कप फेकले जातात आणि त्यातले एक टक्काही पुनर्वापराच्या प्रक्रियेत जात नाहीत असं म्हटलं होतं. घरोघरी वेगळा कचरा गोळा करणाऱ्या देशाची ही गत असेल तर आपल्या उकिरड्यावर काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

तब्येतीचं म्हणाल तर २०२० मध्ये आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी कागदी कपात १०० मिलिलिटर गरम पाणी, ८५ ते ९० अंशांचं, पंधरा मिनिटं ठेवून पाहिलं. त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरले. आपण चहा एवढा वेळ ठेवत नाही हे खरं, पण आपला चहा उकळता ओततात हेही खरं.

कायद्याचंही सांगतो. राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची. जुलै २०२२ मध्ये तिच्यात दुरुस्ती करून प्लास्टिकचा थर असलेले कागदी कप आणि ताटल्याही बंदीत घेतल्या. दुकानात मिळतात म्हणून ते चालतात असं समजू नका.

चाळीसगाव_टँकर

सर, अभ्यास चांगला आहे, पण मे महिन्यात टँकरमागे धावणाऱ्या बाईला ऊर्जेची बरोबरी सांगून उपयोग नाही. ताईंच्या आजीचं बरोबर आहे. उन्हाळ्यात कप, पावसाळ्यानंतर पेले, असं करा. नाहीतर मातीचे कुल्हड आणा, किंवा ते उसाच्या चोथ्याचे.

देवपूरचे आप्पा (धुळे)

ताई, माझी चहाची गाडी आहे, जुनी आहे. काचेचे ग्लास वापरतो. करोनानंतर गिऱ्हाईक कागदी कप मागू लागलं तेव्हा तेही ठेवले, अजून ठेवतो, कारण पार्सलला इलाज नाही. पण गाडीजवळ उभं राहून पिणाऱ्याला काचच देतो.

पाण्याचं मी रोज बघतो म्हणून बोलतो. वाहत्या नळाखाली ग्लास धुतला तर पाणी भरमसाट जातं. एकाच बादलीत बुचकळून काढला तर पाणी वाचतं पण ती घाण आहे, मी स्वतः तसल्या ग्लासात चहा पिणार नाही. मधला रस्ता तीन भांड्यांचा. पहिल्यात उष्टा चहा आणि साय सुटते, तिथेच घासणी फिरवायची. दुसऱ्यात साबण उतरतो. तिसरं पाणी स्वच्छ आणि होईल तेवढं गरम. पाणी बदलायचं ते पहिल्या भांड्याचं, मग दुसरं पहिल्याच्या जागी सरकवायचं, तिसरं दुसऱ्याच्या जागी, आणि नवं पाणी फक्त शेवटच्या भांड्यात. एवढी रीत पाळली तर पाणी थोडक्यात भागतं. आणि ग्लास वाळू द्यायचा नाही. साय वाळली की दुप्पट पाणी आणि दुप्पट हात लागतात. कार्यात नेमकं हेच होतं, उष्टे पेले दुपारभर ढिगाने पडून राहतात. पंगतीजवळच एक टोपलं पाण्याने भरून ठेवा, पिऊन झालं की माणसाने त्यातच टाकायचा.

चाळीसगावच्या भाऊंना सांगतो, कुल्हडही एकदाच वापरून फेकायचं भांडं आहे. माती शेताची किंवा तळ्याची, वर भट्टीचं जळण. २००४ मध्ये लालूप्रसाद रेल्वेमंत्री असताना स्टेशनांवर कुल्हड आणले होते, आपल्या भुसावळच्या लोकांना आठवत असेल. चवीला छान, पण सगळ्या गावाच्या कार्याला रोज नवं मडकं भाजायचं हे मला पटत नाही. चोथ्याचे कप घेताना आत चकचकीत थर आहे का ते बोट फिरवून बघा.

पाणी महाग आहे म्हणून लोक कप घेत नाहीत, ताई. धुणारा माणूस मिळत नाही म्हणून घेतात. माझ्याकडे धुवायला पोरगा असतो तोवर काच निघते, तो गावी गेला की कपाची नळी उघडावी लागते.

भुसावळ_निळं_आभाळ

आप्पांचं म्हणणं बरोबर आहे, पण कागदी कप लोकांना आवडण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते इथे कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

माझ्या आजोबांना त्यांच्या गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी होती. बाहेर कोनाड्यात पालथी ठेवलेली. त्यांनी ती स्वतः उचलायची, चहा वरून ओतला जायचा, पिऊन झाल्यावर स्वतः विसळून परत पालथी घालायची. वडिलांनी लहानपणी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. कागदी कप आला आणि कोणाच्या हातात कोणता कप हा प्रश्नच मिटला. सगळ्यांना सारखा, प्यायचा आणि टाकायचा. आमच्या घरात अजून वडील बाहेरगावी कागदी कपच मागतात आणि मी त्यांना काही बोलत नाही.

मी पेल्यांच्या बाजूनेच आहे, कारण त्या कपांचा कचरा शेवटी आमच्याच वस्तीशेजारी येऊन पडतो आणि जळतो. पण ताई, पेले घ्याल तर एकाच मापाचे, एकाच घडणीचे घ्या. त्यावर गटाचं नाव सोडून दुसरी कसलीही खूण नको. गावातल्या प्रत्येक वस्तीतल्या कार्याला तेच गेले पाहिजेत. आणि धुण्याची पाळी लावाल ती सगळ्या आळ्यांतून लावा. आमच्याच बायका धुवायला बोलावल्या तर ती जुनी कपबशी परत आली असं समजेन.

बोरीकाठची

भुसावळच्या दादा, तुम्ही लिहिलं ते मी काल बैठकीत मोबाइलवरून वाचून दाखवलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ज्या आजीने पाण्याचं विचारलं होतं त्याच म्हणाल्या की पेले देवळात ठेवायचे नाहीत, अंगणवाडीच्या खोलीत ठेवायचे, म्हणजे कोणालाही न्यायला संकोच नको. ते ठरलं.

आप्पा, तुमची तीन भांड्यांची रीत आम्ही करून पाहिली. घरोघरचे चाळीस पेले गोळा केले, त्यात चहा केला, प्यायलो आणि लगेच धुतले. पऱ्हाट्यांची राख आणि जरासा साबण. मोजून आठ लिटर पाणी गेलं. म्हणजे पेल्यामागे २०० मिलिलिटर. तीनशे माणसांच्या चहाला ६० लिटर धरा, म्हणजे १५ लिटरच्या चार बादल्या. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या एका माणसाला दिवसाला ५५ लिटर धरतात. तर अख्ख्या कार्याच्या चहाचे पेले धुवायला साधारण एका माणसाचं एका दिवसाचं पाणी लागतं. चाळीसगावच्या भाऊ, हे पाणी टँकरच्या गावातही देता येतं असं मला वाटतं, कारण त्याच कार्यात हात धुवायला आणि भांडी विसळायला याच्या कितीतरी पट जातं आणि त्याबद्दल कोणी हरकत घेत नाही. शिवाय राखेचं ते पाणी वाया जात नाही. आम्ही ते शाळेमागच्या शेवग्याला घातलं. कपाच्या कागदालाही पाणी लागतंच, ते फक्त कुठल्यातरी दुसऱ्या गावच्या नदीचं असतं.

धुण्याचा नियम असा केला आहे: ज्याच्या घरचं कार्य त्याने दोन माणसं धुवायला द्यायची, त्यातला एक पुरुष असलाच पाहिजे. ते कबूल नसेल त्याला पेले मिळणार नाहीत. सरपंच आधी तयार नव्हते. पण त्यांच्याच घरी येत्या वैशाखात लग्न आहे, तेव्हा त्यांच्या मुलाने "मी बसतो धुवायला" असं सगळ्यांसमोर सांगितलं. ते मला फार बरं वाटलं.

वेचणीच्या मजुरांचं अजून सुटलं नाही. शेतात पाणी नाही, पेले न्यायचे कोणी? माझ्या मते प्रत्येकीने भाकरीच्या फडक्यात आपापला पेला बांधून आणावा आणि शेतमालकाने थैलीऐवजी किटलीत चहा द्यावा. आमच्या गटातल्या नऊ जणींनी तसं करायचं ठरवलं आहे, बाकीच्यांना सांगणं चालू आहे.

आता एकच विचारायचं आहे. स्टीलचं फुलपात्र घ्यावं की कानाचा कप? फुलपात्र गरम होतं, म्हाताऱ्यांच्या हातात धरवत नाही. काच फुटेल याची धास्ती आहे.

यावलची मावशी

पोरी, आमच्या गल्लीतल्या मंडळाकडे भांडी आहेत, ताटं, वाट्या, पेले सगळं. कानाचाच घे. पण कान रिव्हेटने बसवलेला नको, त्या फटीत साय अडकते आणि काही केल्या निघत नाही, वास मारते. वेल्ड केलेला बघून घे आणि आतून बोट फिरवून सांधा लागतो का ते पाहा. कप एकमेकांत बसणारे असले पाहिजेत, नाहीतर पोत्यात जागा फार खातात आणि काठ वाकतात.

नाव दुकानातच कोरून घे, बुडाला नको, अंगावर घे, म्हणजे मोजताना दिसतं. डझनाच्या हिशेबाने दे आणि डझनानेच परत घे. अनामत ठेव, थोडी का होईना. आमच्याकडे आधी ठेवत नव्हते तेव्हा दर लग्नाला चार-पाच पेले कमी यायचे. परत आले की उन्हात पालथे घालून चांगले वाळव, मगच पोत्यात भर. ओले भरलेस तर झुरळं होतात.