हायस्कूलच्या जुन्या आठवणी जमवतोय, मदत हवी आहे

मंडळी नमस्कार. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कूलचा इतिहास लिहायला घेतलाय. अडचण अशी, की ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात छपराची कौलं उडाली आणि कपाटातली जनरल रजिस्टरं, म्हणजे मुलांच्या नावनोंदणीच्या वह्या, भिजली. वाळवली खरी, पण पानं एकमेकांना चिकटून बसलीत. ओढली की शाईसकट निघतात. कोणी अशी पानं सोडवली आहेत का?

दुसरं म्हणजे, ज्यांच्याकडे शाळा सोडल्याचा जुना दाखला असेल त्यांनी त्यावरचा रजिस्टर नंबर आणि साल कळवा. त्यावरून निदान वर्षं तरी जुळवता येतील. अकरावीची मॅट्रिक झालेली मंडळी विशेष हवीत. १९७५ साली दहावीची एसएससी आली, म्हणजे शेवटच्या बॅचवाले आता सत्तरीला टेकले असतील. घाई आहे ती त्यासाठीच.

जांभ्याच्या भिंतींना दगड कोणी वाहिला, गॅदरिंगच्या नाटकाला पेट्रोमॅक्स कुठून यायचे, हेही सांगा. मला तर मार्कांपेक्षा यातच जास्त रस. मुंबईकरांनो, गणपतीला येताना ट्रंकेतले ग्रुप फोटो आणा. मोबाईलवर काढून तिथल्या तिथे परत देतो.