लागर बिअरला सडक्या अंड्यांचा वास: यीस्ट कमी पडलं का?

प्रश्न: २० लिटर लागर (थंड तापमानात आंबवायची बिअर), मूळ घनता (आंबवण्याआधीची, पाण्याची १.०००) १.०५०, तापमान १२ अंश. ११ ग्रॅम कोरडं यीस्ट टाकलं. चौथ्या दिवशी एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न येऊ देणारी झडप) सडक्या अंड्यांचा वास येतोय. आणखी यीस्ट टाकू की ओतून देऊ?

फेसाळ: ओतू नका! हा हायड्रोजन सल्फाइड. लागर यीस्ट तो नेहमीच सोडतं, कार्बन डायऑक्साइडबरोबर तो निघूनही जातो. यीस्टची मात्रा मात्र निम्मी पडली. एलला (उबदार तापमानात आंबणारी बिअर) लिटरमागे अर्धा ग्रॅम पुरतो, थंड लागरला एक ते सव्वा, म्हणजे तुम्हाला २० ते २५ ग्रॅम. आता मध्येच टाकून फारसा उपयोग नाही, वाढीचा टप्पा उलटलाय.

मोजपट्टी: सहमत. कमी यीस्टमुळे लोण्यासारखा वासही येऊ शकतो, तो डायअसेटिल. घनता १.०२०च्या आसपास आली की तापमान १८ अंशांवर न्या, दोन-तीन दिवस ठेवा. यीस्ट डायअसेटिल स्वतःच शोषून घेतं, म्हणून बिअर तळाच्या यीस्टच्या गाळावरून घाईने काढू नका. हिरव्या सफरचंदाचा वास आला तरी हेच.

फेसाळ: आणि झाकण सारखं उघडून हुंगू नका. हवा आत शिरली की व्हिनेगरसारखा आंबटपणा येऊ शकतो, त्यावर इलाज नाही.