शरीरातल्या सगळ्या संस्था ‘मिळून’ काम करतात म्हणजे नेमकं काय?

शाईचा डाग
पुस्तकात रक्ताभिसरण एका धड्यात, उत्सर्जन दुसऱ्यात, चेतासंस्था तिसऱ्यात. होमिओस्टॅसिसवर, म्हणजे शरीराच्या आतल्या समतोलावर, मात्र एकच ओळ: सर्व संस्था मिळून समतोल राखतात. मिळून म्हणजे कशा? एखादं उदाहरण कुणी नीट उलगडून सांगेल का?

रात्रपाळी
मी आयसीयूत नर्स आहे, म्हणून रक्तदाबाचंच उदाहरण देते. झोपलेला माणूस उभा राहिला की अर्धा लिटरभर रक्त पाय आणि पोटाच्या शिरांत उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, दाब घसरू लागतो. मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या आणि महाधमनीच्या भिंतीत ताण ओळखणारी चेताटोकं असतात. दाब घसरला की त्यांचे संदेश विरळ होतात आणि तेवढ्यावरूनच मेंदूतली लंबमज्जा ओळखते. नाडी मिनिटाला 10-20 ठोक्यांनी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. सगळं काही सेकंदांत!

पण नुसत्या आवळण्यावर किती वेळ निभणार? दाब कमीच राहिला तर किडनी रेनिन हे एन्झाइम सोडते, त्याच्यामुळे पुढे रक्तात अँजिओटेन्सिन हे संप्रेरक बनतं. यातल्या शेवटच्या टप्प्याचं एन्झाइम मुख्यतः फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांत असतं. रक्तदाबाच्या कामात फुप्फुसं! शिकताना मला याचं फार अप्रूप वाटलं होतं, अजूनही वाटतं. अँजिओटेन्सिनमुळे किडनीवरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडते, मग किडनी मीठ धरून ठेवते आणि मिठामागे पाणी थांबतं. याला मात्र तास लागतात.

पायरी
वडिलांना जुना मधुमेह आहे. उठलं की त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. पाणी भरपूर पितात, तरी किडनी भरून का काढत नाही?

रात्रपाळी
पहिले काही सेकंद चेतांचेच असतात, तिथे किडनी पोचूच शकत नाही. जुन्या मधुमेहात नेमक्या याच चेता दुबळ्या होऊ शकतात. रक्तदाबाच्या गोळ्यांनीही असं होतं, त्यामुळे तपासायलाच हवं. आधी झोपवून, मग उभं केल्यावर 1 आणि 3 मिनिटांनी दाब मोजतात. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला तर डॉक्टरांना लगेच सांगा, गोळ्यांची यादीही दाखवा. गोळ्या परस्पर बंद करू नका. आणि तोवर त्यांना एकदम उठू देऊ नका हं, आधी पलंगाच्या कडेला बसून पाय हलवू देत.

शाईचा डाग
म्हणजे काम एकच, पण प्रत्येकाची वेळ वेगळी. हे धड्यात कुठेच नव्हतं!