मदत हवी आहे : बॉक्सिंगच्या करारात रक्ततपासणीची अट कशी लिहून घ्यावी?

मंडळी, इंदूरहून लिहितोय. भाचा हौशी बॉक्सिंग सोडून व्यावसायिक लढतींकडे वळतोय आणि त्याला पहिला बरा करार आलाय. पैसे, वजन, फेऱ्या सगळं ठरलं. अडलंय ते डोपिंगच्या चाचणीवर. समोरची पार्टी म्हणते, सही झाल्यापासून लढतीपर्यंत केव्हाही, न कळवता, रक्त आणि लघवी दोन्ही घेणार. भाच्याचे उस्ताद अडून बसलेत की शेवटच्या तीन आठवड्यांत रक्त काढू द्यायचं नाही, पोरगा ढिला पडतो. ताईने कागद माझ्या हातात दिलेत, कारण घरात इंग्रजी करार वाचणारा मीच.

अमेरिकेचा मेवेदर आणि फिलिपिन्सचा पॅकियाओ, या दोन नामवंत बॉक्सरांचं हेच झालं होतं. १३ मार्च २०१० ला ठरत असलेली लढत याच मुद्द्यावर फिसकटली. पॅकियाओ लढतीच्या २४ दिवस आधीपर्यंतच रक्त द्यायला तयार होता, केव्हाही चाचणी हवी म्हणणारा मेवेदर १४ दिवसांवर आला, मध्यस्थ बसवूनही जमलं नाही. शेवटी लढत झाली ती २ मे २०१५ ला, चाचण्या मान्य करूनच. तोवर दोघांची उमेदीची वर्षं सरली होती. आमच्या पोराला कोण पाच वर्षं थांबणार?

उस्तादांना दुखवायचं नाही, पण अमुक दिवसांनंतर रक्त घ्यायचं नाही अशी मुदत मागितली तर पोरगा काहीतरी लपवतोय असं दिसेल का? आणि करारात नेमकं काय लिहून घ्यावं?

प्रतिसाद १
मुदत मागूच नका. चाचणीला काही मिलिलिटर रक्त लागतं. रक्तदानाला ३५० जातं आणि लोक दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. उलट लघवीत वाढीचं संप्रेरक (ग्रोथ हार्मोन, ताकदीसाठी चोरून घेतात ते) सापडत नाही, त्याला रक्तच लागतं, आणि तेही लवकर, कारण माग झटकन पुसला जातो. ‘अमुक तारखेनंतर तपासणार नाही’ म्हणजे उत्तेजक घेणाऱ्याला वेळापत्रकच दिलं. अट फक्त दोघांना सारखी असू द्या.

प्रतिसाद २
माझ्या मते दिवसांपेक्षा अहवालाचं कलम महत्त्वाचं. अहवाल कोणाला जाणार, किती तासांत, आणि दोष आढळला तर लढत थांबवायचा अधिकार कोणाचा? ब्रिटिश बॉक्सर कॉनर बेनचा दोषी अहवाल ऑक्टोबर २०२२ मध्ये थेट लढतीच्या आठवड्यात फुटला. त्याचं म्हणणं होतं की आपण निर्दोष आहोत, आयोजकांना लढत हवी होती, ब्रिटिश बॉक्सिंग मंडळाने मना केलं आणि लढत बारगळली. प्रयोगशाळा ‘वाडा’ची (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची) मान्यता असलेलीच हवी, हेही लिहा. आणि भाऊ, जिममधल्या डब्यातली पावडर आधी बंद करा. त्यातून बंदी असलेलं काही नकळत पोटात गेलं तरी जबाबदारी खेळाडूचीच धरतात.

धागाकर्ता
दोघांचे आभार. ३५० चा आकडा उस्तादांना सांगतो, ते दरवर्षी रक्तदान करतात, नाही कसं म्हणतील! पावडरचं मात्र आज रात्रीच विचारतो. एक राहिलं : पहिला नमुना दोषी निघाला तर त्याच वेळी घेऊन राखून ठेवलेला दुसरा नमुना उघडून तपासायचा खर्च कोणाकडे? करारात त्यावर एक ओळही नाही. अशा वेळी आगाऊ मिळालेली रक्कम परत करावी लागते का, हे कोणाला ठाऊक असेल तर सांगा.