सीआयएन-२ च्या रिपोर्टला पी१६ सक्तीचं करावं का?

शिवडीची_मेधा
धाकट्या नणंदेची गोष्ट. वय २८, मूल अजून नाही. गर्भाशयाच्या तोंडाच्या पॅप तपासणीत काहीतरी आलं, मग कॉल्पोस्कोपी (भिंगातून तपासणी), मग बायोप्सी. रिपोर्ट: सीआयएन-२, म्हणजे तिथल्या पेशींतल्या कर्करोगपूर्व बदलाच्या तीन पायऱ्यांपैकी मधली. डॉक्टर म्हणाले, मंगळवारी लीप करून टाकू, म्हणजे तेवढा भाग विजेच्या तारेने कापून काढू. सासूबाई त्याच संध्याकाळी 'त्यापेक्षा पिशवीच काढलेली बरी' इथपर्यंत पोचल्या होत्या.

आम्ही स्लाइड आणि बायोप्सीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक मागून घेतला आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे नेला. त्यांनी पी१६ लावलं, म्हणजे त्या नावाचं प्रथिन दाखवणारा रंग, मार्कर म्हणतात तो. रंग इथे एक पेशी, तिथे दोन, असा विखुरलेला. निष्कर्ष: अपरिपक्व मेटाप्लेझिया. म्हणजे पिशवीच्या तोंडाशी पेशी रूप बदलत असतात तो रोजचा प्रकार, कर्करोगपूर्व काही नाही. लीप रद्द.

माझं म्हणणं, सीआयएन-२ लिहिलेला एकही रिपोर्ट पी१६ शिवाय बाईच्या हातात पडू नये.

भिंगवाली
मी याच धंद्यात आहे. सीआयएन-२ हा आमचा सगळ्यात डळमळीत शब्द. सीआयएन-३ वर दोघांचं सहसा जमतं. २ वर तीच व्यक्ती तीच स्लाइड महिन्याने पाहून वेगळं लिहू शकते.

पी१६ कशाला लागतं ते सांगते. एचपीव्ही या कॅन्सरमागच्या विषाणूचं ई७ नावाचं प्रथिन पेशीतलं आरबी हे प्रथिन निकामी करतं. आरबी म्हणजे विभाजनाचा ब्रेक. ब्रेकची वायर तुटली तरी ड्रायव्हर पाय दाबतच राहतो ना, तसं पेशी पी१६ बनवत सुटते. उपयोग शून्य, पण आम्हाला तो दाबलेला पाय दिसतो. तळाच्या थरापासून वर सलग गडद पट्टा दिसला तर 'ब्लॉक पॉझिटिव्ह'. तुमच्या नणंदेसारखा तुरळक रंग म्हणजे निगेटिव्हच.

२०१२ साली अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्ट आणि कॉल्पोस्कोपीवाल्यांच्या संघटनांनी मिळून लो-ग्रेड (सीआयएन-१) आणि हाय-ग्रेड (सीआयएन-२ आणि ३) अशा दोनच पायऱ्या ठेवायला सांगितलं. सीआयएन-२ वाटत असेल, किंवा हाय-ग्रेड की नुसता मेटाप्लेझिया अशी शंका असेल, तेव्हा पी१६ लावा, हेही त्यातच आहे. म्हणून मेधाताईंशी सहमत. पण हल्ली साध्या सीआयएन-१ वरही 'मार्कर करून द्या' अशी चिठ्ठी येते, त्याला माझा विरोध. सीआयएन-१ मधलेही कितीतरी पी१६ पॉझिटिव्ह येतात, आणि तेवढ्यावरून त्यांना हाय-ग्रेडमध्ये ढकलायचं नसतं.

तिरकस_नाना
निगेटिव्ह आलं म्हणून धागा निघाला. पॉझिटिव्ह आलं असतं तर? मंगळवारची लीप पक्की, आणि कुणी प्रश्नही विचारला नसता.

२०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचं एकत्र विश्लेषण आलं होतं. उपचार न करता नुसतं लक्ष ठेवलेल्या सीआयएन-२ पैकी दोन वर्षांत साधारण ५० टक्के आपोआप मागे गेले, ३२ टक्के तसेच राहिले, १८ टक्के पुढे सरकले. तिशीच्या आतल्या बायकांत मागे जाणारे ६० टक्के, पुढे जाणारे ११. पी१६ पॉझिटिव्ह असलेलेही मागे जातात. हा रंग 'विषाणूने घर केलंय' एवढं सांगतो, भाडेकरू कधी निघणार ते नाही. आणि लीपमध्ये जास्त खोल कापलं तर पुढच्या बाळंतपणात वेळेआधी प्रसूतीचा धोका वाढतो, ते वेगळंच. २८ वर्षांच्या मुलीला मार्करपेक्षा धीर देणारा डॉक्टर हवा.

भिंगवाली
नाना, आकड्यांवर वाद नाही. पण लक्ष कुणावर ठेवायचं हे ठरवायला आधी तो खरोखर हाय-ग्रेड आहे का, हे कळायला नको? मेधाताईंच्या नणंदेला तर लक्ष ठेवण्यासारखंही काही नव्हतं. शिवाय सहा-सहा महिन्यांनी कॉल्पोस्कोपीला परत येणाऱ्या बायका किती, तेही बघा.

वस्तीताई
तुमचं सगळं ज्यांच्या हातात रिपोर्ट आहे त्यांच्यापुरतं. मी ज्या वस्त्यांत फिरते तिथल्या बायकांची एकदाही तपासणी झालेली नसते. पांढरं जातंय म्हणून दोन-दोन वर्षं अंगावर काढतात, मग थेट पुढच्या टप्प्यातला कॅन्सर.

याच मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या बायकांवर अभ्यास केला. डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघत, दर दोन वर्षांनी. १२ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. ना पी१६, ना दुसरा कुठला मार्कर. पैसा आणि माणसं आधी तिकडे लावा.

सायनचा_बबन
एचपीव्हीची लस घ्या, प्रश्न मिटला.

वस्तीताई
बबनराव, लस मुलींना. चाळिशीच्या बाईच्या पिशवीच्या तोंडाशी आधीच झालेला बदल लसीने जात नाही.

तिरकस_नाना
वस्तीताईंना पूर्ण पाठिंबा. सक्ती करायचीच तर आधी तपासणीची करा.

शिवडीची_मेधा
ताई, कबूल. पण तुमच्या शिबिरात पांढरा डाग दिसलेली बाई शेवटी बायोप्सीलाच जाणार ना? तिच्या रिपोर्टवर सीआयएन-२ आलं तर ती ब्लॉक उचलून दुसरीकडे नेईल का? आम्हाला ब्लॉक मागता येतो हेच ठाऊक नव्हतं, शेजारच्या काकूंनी सांगितलं. काउंटरवरच्या माणसाने तर 'कशाला हवाय' म्हणून तीनदा परत पाठवलं.

नाना, तुमचा पॉझिटिव्हचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. भिंगवाली, तसं आलं असतं तर २८ व्या वर्षी तुम्ही काय सुचवलं असतं?

भिंगवाली
कापायचं की थांबायचं ते तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने ठरवायचं. माझ्या रिपोर्टमध्ये 'हाय-ग्रेड' लिहून थांबले नसते, पुढे 'सीआयएन-२' हेही लिहिलं असतं. दोन पायऱ्यांच्या पद्धतीत ते वगळलं की २ आणि ३ एकाच पोत्यात जातात, आणि नाना म्हणतात ती वाट बघायची सोय तिथेच संपते.