नव्या शहरात राहायला जाण्यापूर्वी तिथले कोणते स्थानिक नियम माहीत करून घ्यावेत?

मुक्कामपोस्ट (धागाकर्ता)

नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने येत्या तीन-चार महिन्यांत आम्ही दुसऱ्या शहरात राहायला जाणार आहोत. दोन शहरांपैकी कोणते, हे अजून ठरायचे आहे आणि ती दोन निरनिराळ्या देशांत आहेत, त्यामुळे नावे देत नाही. घरभाडे, शाळा आणि हवामान यांविषयी वाचावे तेवढे थोडेच आहे. मात्र नगरपालिकेचे जे स्थानिक नियम असतात, ज्यांना कोणी उपविधी म्हणतात तर कोणी पोटनियम, त्यांची माहिती एका जागी मिळत नाही. चोरी करू नये हे कोणाला सांगावे लागत नाही. पण कचऱ्याची पिशवी संध्याकाळी सहाला बाहेर ठेवावी की आठला, हे दंडाची पावती हातात पडेपर्यंत कळत नाही, असे ऐकून आहे.

आमची परिस्थिती अशी: घर भाड्याचे असेल, सोबत एक मांजर आहे, २००८ सालची डिझेल गाडी न्यावी की विकावी यावर घरात वाद चालू आहे, आणि पत्नी घरी व्हायोलिन शिकवते, त्यासाठी आठवड्याला आठ-दहा विद्यार्थी येतात. यांपैकी कोणत्या गोष्टींची चौकशी भाडेकरारावर सही करण्यापूर्वी करावी आणि कोणत्या नंतर पाहिल्या तरी चालतील?

जुना भाडेकरू

मी आतापर्यंत चार शहरांत भाड्याने राहिलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की सगळ्या नियमांची यादी करत बसण्यापेक्षा ज्या नियमांना मुदत आहे, ते आधी वेगळे काढावेत. ही मुदत तुम्ही सामान उतरवता त्या दिवसापासून मोजली जाते, नियम तुम्हाला समजला त्या दिवसापासून नव्हे.

यात पहिला क्रमांक रहिवासी नोंदणीचा. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत, ऑस्ट्रियात तीन दिवसांत, नेदरलँड्समध्ये दीर्घ मुक्कामासाठी आल्यापासून पाच दिवसांत आणि जपानमध्ये चौदा दिवसांत नव्या पत्त्याची नोंद स्थानिक कार्यालयात करावी लागते. जर्मनीत नोव्हेंबर २०१५ पासून या नोंदणीला घरमालकाच्या सहीचा दाखलाही लागतो. म्हणून ‘या पत्त्यावर नोंदणी करता येईल ना, आणि तुम्ही दाखला द्याल ना?’ हा प्रश्न अनामत रक्कम देण्याआधीच विचारावा. समोरचा माणूस उत्तर द्यायला टाळाटाळ करू लागला, तर ती जागा त्याने मालकाला न कळवता पोटभाड्याने दिलेली असण्याची शक्यता धरावी. नोंदणी झाल्याखेरीज तिथला करक्रमांक घरपोच येत नाही, बँकेत खाते उघडणेही अवघड होऊन बसते, आणि मग एकातून दुसरी अडचण निघत राहते.

दुसरा नियम कचऱ्याचा. तो दिसायला किरकोळ आहे, पण नवखा माणूस सर्वांत आधी अडकतो तो इथेच, कारण ज्या आठवड्यात त्याला नियम सर्वांत कमी ठाऊक असतात, त्याच आठवड्यात त्याच्याकडून सर्वाधिक कचरा बाहेर पडतो. माझेच उदाहरण देतो. तिसऱ्या शहरात पोहोचल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी मी सामानाचे पंचवीसेक खोके चपटे करून, सुतळीने बांधून, शेजारच्या इमारतीचे पाहून फुटपाथच्या कडेला ठेवले. दोन दिवसांनी दारावर नोटीस चिकटवलेली होती. कागद-पुठ्ठ्याचा दिवस त्या इमारतीसाठी दुसऱ्या दिवशी होता, आमच्यासाठी नव्हता. आमच्या रस्त्याच्या मधोमध विभागाची हद्द जात होती. मी ठेवले म्हणून त्यांना कसे कळले, असे विचारल्यावर निरीक्षकाने खोक्याचे छायाचित्र दाखवले; त्यावर वाहतूक कंपनीच्या चिठ्ठीवर माझे नाव आणि नवा पत्ता ठळक अक्षरांत होता. तेव्हापासून खोके टाकण्यापूर्वी चिठ्ठ्या फाडतो आणि वेळापत्रकही पाहतो, हे प्रांजळपणे कबूल करतो.

तुमच्या सहा की आठ या प्रश्नाला न्यूयॉर्कमध्ये खरोखरच उत्तर आहे: १ एप्रिल २०२३ पासून तिथे नुसती पिशवी रात्री आठनंतर आणि झाकणाच्या डब्यातला कचरा संध्याकाळी सहानंतर बाहेर ठेवता येतो, आणि नोव्हेंबर २०२४ पासून नऊ किंवा त्याहून कमी घरे असलेल्या इमारतींना झाकणाचा डबा सक्तीचा झाला. दक्षिण कोरियात १९९५ पासून ठरावीक पिशव्या विकत घेऊन त्यांतच कचरा टाकावा लागतो, म्हणजे जेवढा कचरा तेवढा खर्च. टोकियोत जुने कपाट टाकायचे झाले, तर आधी दिवस ठरवून घ्यावा लागतो आणि शुल्काची चिठ्ठी विकत आणून त्या कपाटावर चिकटवावी लागते.

तिसरी गोष्ट सामानाच्या ट्रकची. तो दारासमोर उभा करण्यासाठी पुष्कळ शहरांत तात्पुरती परवानगी घ्यावी लागते आणि ‘येथे वाहन उभे करू नये’ अशी पाटी आगाऊ लावावी लागते. जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१८ मध्ये असा निर्णय दिला की अशी पाटी लागल्यानंतर पूर्ण तीन दिवस उलटले असतील, तर आधीपासून तिथे उभी असलेली गाडी उचलून नेण्याचा खर्च गाडीमालकाकडून घेता येतो. म्हणजे पाटी तुम्ही वेळेवर लावली पाहिजेच; पण तिथे स्थायिक झाल्यावर स्वतःची रस्त्यावरची गाडीही दर दोन-तीन दिवसांनी पाहून यावी लागते. सुट्टीवर जाताना किल्ली कोणाकडे तरी ठेवावी, ती याचसाठी.

तळटीप

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी बारा वर्षे एका नगरपालिकेच्या परवाना विभागात काम केले असल्याने थोडी दुसरी बाजू मांडतो.

लोक ‘शहराचा नियम काय?’ असे विचारतात. परंतु एकाच घराला किमान तीन ठिकाणचे नियम लागू असतात: नगरपालिकेचे, इमारतीचे किंवा रहिवासी संस्थेचे, आणि भाडेकरारातले. यांपैकी एकाने परवानगी दिली म्हणून दुसऱ्याची मनाई उठत नाही. आमच्या खिडकीशी रोज कोणीतरी येऊन ‘पण तुम्हीच परवाना दिलात ना?’ असे विचारत असे, आणि आम्हाला प्रत्येक वेळी सांगावे लागे की परवाना जागेच्या वापराचा आहे, घरमालकाच्या संमतीचा नव्हे.

तुमच्या बाबतीत हे सर्वांत जास्त लागू पडते ते व्हायोलिनच्या शिकवणीला, आणि माझ्या मते सही करण्यापूर्वी तपासायची पहिली बाब तीच आहे. निवासी विभागात घरून व्यवसाय करण्याविषयीचे नियम शहराशहरांत वेगळे असले, तरी त्यांचा रोख बहुधा सारखा असतो: व्यवसाय करणारी व्यक्ती त्याच घरात राहणारी असावी, बाहेरून पाटी दिसू नये, पगारी माणूस ठेवू नये, एका वेळी ठरावीक संख्येपेक्षा जास्त लोक येऊ नयेत आणि येणाऱ्यांच्या गाड्यांनी शेजाऱ्यांची वाट अडू नये. दहा विद्यार्थी एकेक करून आले तर ज्या नियमात ते बसते, त्याच नियमात दहा जणांचा एकत्र वर्ग बसत नाही. शिवाय करारात ‘केवळ निवासी वापरासाठी’ असे वाक्य असेल, तर शिकवणीचा स्पष्ट उल्लेख करून घेतल्याशिवाय सही करू नये.

आवाजाच्या नियमांत वेळ आणि पातळी या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचाव्यात. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ असते आणि रविवारी तर दिवसभर शांतता अपेक्षित असते. निवासी भागात रविवारी गवत कापण्याचे यंत्र चालवणे निषिद्ध आहे, आणि काचेच्या रिकाम्या बाटल्या सार्वजनिक पेटीत टाकण्यावरही बंधन असते, कारण त्या खळखळतात. पातळीचे मोजमाप डेसिबलमध्ये असते आणि ते सरळ रेषेत वाढत नाही: दहा डेसिबलने वाढलेला आवाज ऊर्जेच्या हिशेबाने दहापट आणि कानाला साधारण दुप्पट वाटतो, त्यामुळे ‘मर्यादेपेक्षा पाचच तर जास्त आहे’ हा युक्तिवाद कोणी करू नये.

वाद्यांपुरते सांगायचे तर जर्मनीच्याच सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे २०१८ मध्ये एका व्यावसायिक ट्रम्पेटवादकाचे प्रकरण आले होते. तो घरी सराव करी आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांना शिकवीही. न्यायालयाने वाद्यवादन सरसकट बंद करता येणार नाही असे म्हटले, आणि कामाच्या दिवशी दोन ते तीन तास व रविवारी-सुट्टीच्या दिवशी एक ते दोन तास हे ढोबळ प्रमाण सांगितले. हा काही जगभरचा नियम नव्हे. मात्र शेजाऱ्यांशी बोलणी करताना सुरुवात कोणत्या आकड्यापासून करावी, याचा अंदाज त्यावरून येतो.

एक मुद्दा कोणी विचारत नाही म्हणून सांगतो: चूक घडली तर दंड कोणाच्या नावावर येतो? न्यूयॉर्कमध्ये घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ हटवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची असते, आणि रात्री नऊनंतर बर्फ पडायचा थांबला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत वाट मोकळी करावी लागते. जर्मनीत मात्र हेच काम भाडेकरारातून भाडेकरूवर सोपवता येते. करारात असे कलम असेल तर हिवाळ्यात भल्या पहाटे फावडे घेऊन कोण उतरणार, हे घरात आधीच ठरवावे.

अवांतर: सुट्टीत घर रिकामे राहील तेव्हा पाहुण्यांना भाड्याने देऊ, असा विचार असेल तर तोही तपासून घ्यावा. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर देताना नोंदणी लागते, यजमान स्वतः घरात हजर असावा लागतो आणि पाहुणे दोनच ठेवता येतात.

खिडकीतली

मांजराविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. पाळीव प्राण्यांचे नियम कुत्र्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात आणि मांजर त्यात असेल की नसेल, हे गृहीत धरता येत नाही. सिंगापूरमध्ये सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत कुत्रा चालत असे आणि मांजराला मात्र अनेक दशके बंदी होती. १ सप्टेंबर २०२४ पासून एका घरात दोन मांजरांची मुभा मिळाली, तीही परवाना घेऊन आणि मांजर खिडकीतून पडू नये अशी जाळी वगैरे व्यवस्था करून. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना मायक्रोचिप २०१६ पासून सक्तीची आहे, मांजरांना १० जून २०२४ पासून. चिप असेल तर तिच्या नोंदीतला पत्ता आणि दूरध्वनी बदलून घ्यायला विसरू नये. जुन्या पत्त्याची चिप हरवलेल्या मांजराला जुन्याच शहरात पोहोचवते.

चारचाकी

गाडीचा वाद मिटवायला थोडी मदत करतो. २००८ ची डिझेल गाडी धुराच्या युरोपीय मानकाप्रमाणे बहुधा युरो ४ असेल (आकडा जितका मोठा, तितका नियम कडक). लंडनचा अतिकमी उत्सर्जन विभाग, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना शुल्क लावणारा भाग, २९ ऑगस्ट २०२३ पासून शहराच्या सर्व प्रभागांत लागू आहे. त्यात डिझेल गाडीला युरो ६ लागते आणि तसे नसेल तर गाडी चालवाल त्या प्रत्येक दिवसाचे शुल्क भरावे लागते. हीच गाडी जर्मनीतल्या पर्यावरण विभागांत प्रवेशासाठी लागणाऱ्या हिरव्या स्टिकरला पात्र ठरते; पण म्युनिकने फेब्रुवारी २०२३ पासून आपल्या विभागात युरो ४ डिझेललाही मनाई केली आहे. म्हणजे तुमची गाडी चांगली की वाईट, हे गाडीवर नव्हे तर हद्दीवर ठरते. लंडनसारख्या शहरात गाडीचा क्रमांक संकेतस्थळावर टाकून तपासता येतो, तेवढे तरी आधी करावे.

जपानमध्ये जाणार असाल तर तिथे बहुतेक ठिकाणी घरापासून दोन किलोमीटरच्या आत गाडी ठेवण्याची जागा असल्याचा पोलिसांचा दाखला मिळाल्याशिवाय गाडीची नोंदणीच होत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत तीन टक्क्यांहून अधिक चढ असलेल्या रस्त्यावर गाडी उभी करताना पुढची चाके फुटपाथच्या कडेला टेकतील अशी वळवून ठेवावी लागतात. हाताचा ब्रेक लावला, गिअर टाकला, तरी चाके सरळ दिसली तर दंड होतो. तीन टक्के म्हणजे शंभर पावलांत तीन पावलांएवढी उंची, डोळ्यांना तो रस्ता सपाटच वाटतो.

मुक्कामपोस्ट (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आणखी एकच शंका: ही चौकशी दूरध्वनीवर करावी की लेखी? आणि संकेतस्थळावरचा नियम चालू आहे की जुना, हे कसे ओळखावे?

तळटीप

लेखीच करावी. दूरध्वनीवर बोलणारा कर्मचारी आठवणीतून उत्तर देतो, आणि वरच्या प्रतिसादांतले किती नियम अलीकडच्या वर्षांत बदलले आहेत ते पाहा. ईमेलमध्ये घराचा पूर्ण पत्ता द्यावा, कारण रस्त्याच्या दोन बाजूंना नियम वेगळे असू शकतात. नियमाचा क्रमांक आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख मागावी. आणि ‘शिकवणी चालेल का?’ असे मोघम न विचारता ‘दुपारी तीन ते सात या वेळेत, एका वेळी एक विद्यार्थी, आठवड्याला दहा’ असे मोजके लिहावे. उत्तर देणाऱ्याला हो किंवा नाही म्हणावेच लागेल, अशी प्रश्नाची रचना असावी. आलेले उत्तर कराराच्या प्रतीला जोडून ठेवावे.

मुक्कामपोस्ट (धागाकर्ता)

दोन्ही शहरांना काल ईमेल पाठवले. एका ठिकाणाहून शिकवणीबद्दल नियमाच्या क्रमांकासह होकार आला आहे, दुसऱ्याने आमचे पत्र तीन विभागांना पाठवले असल्याचे कळवले आहे. गाडी विकायचे ठरले. मांजराबद्दल घरमालक ‘बघू’ म्हणाले होते. त्यांच्याकडून ते लेखी मागितले आहे.